गाडीमागे धावलेल्या बाईबाबत खुलासा

मौजा सावरटोला, जि. चंद्रपूर
दिनांक : ९ ऑक्टोबर १९८६

प्रति,
मा. प्रमुख साहेब,
फिरते कर्करोग तपासणी पथक,
विभागीय कार्यालय.

विषय : गाडीवर चाल करून आल्याचा शेरा मागे घेऊन पथक व रोग्यासाठी गाडी पुन्हा पाठवणेबाबत. (हा विषय कलम ६ मध्ये बदलला आहे. तोवर हाच धरावा.)

संदर्भ : सावरटोल्याचा जमाव शांत असल्याचा पोलिसांचा दाखला आणल्याशिवाय पथक येणार नाही, असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

सविनय जयभीम. अर्जदार मुखरू गोमाजी रामटेके हा मजुरी करतो, सातवीपर्यंत शिकला आहे आणि हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहितो. ‘मी, मी’ लिहिले तर साहेबांना भांडल्यासारखे वाटेल, म्हणून त्याने स्वतःला सगळीकडे अर्जदार म्हटले आहे.

१. अर्जदाराची बायको मनकर्णा हिच्या उजव्या टाचेखाली काळा डाग आहे. इकडे काळ्या डागाचे कोणाला नवल नाही. जंगलात काटा रुतला, टाच फुटली, की बिबा तापवून त्याचे तेल लावतात. कातडी जळून काळी पडते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. गावात काळा तळवा नाही असा माणूस शोधावा लागेल. त्यामुळे मनकर्णा पहिल्यांदा दवाखान्यात गेली तेव्हा ‘बिब्याचा डाग आहे, जाईल’ असे सांगून तिला परत पाठवले. गावालाही तेच वाटत होते.

२. होळीच्या सुमारास आपल्या पथकाच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी डागाचा तुकडा काढून नेला, आणि विडीच्या तेंदूपत्त्याची तोड सुरू व्हायच्या तोंडाशी निकाल सांगायला परत आल्या. मेलानोमा म्हणाल्या, म्हणजे काळ्या डागाचा कर्करोग. टाच वेळेत कापली तर बाई वाचेल. नागपूरच्या इस्पितळात खाट राखून ठेवते, पुढच्या फेरीला पथकाच्याच गाडीतून नेते, गाठोडे बांधून ठेवा, असे सांगून गेल्या.

३. जाण्याआधी त्यांनी गावाकडेही एक मागणे केले. असे आणखी किती पाय या जंगलात असतील ते कोणालाच ठाऊक नाही, कारण बिब्याखाली सगळे झाकले जाते. गावाने बिबा बंद केला, तर नवी कातडी येऊन बिब्याचा डाग निघून जाईल. जो जाणार नाही तो आम्हाला दाखवा. तुमची साथ असेल तर हे पहिल्यांदा कोणाला तरी कळेल.

विहारात बैठक भरली. गोंडटोल्याचा कोलू उभा राहिला. "बाई खरं बोलून राह्यली. पन तेंदूत बिबा नाई लावाचा, म्हंजे हातावर चालाचं का आमी?" सगळे हसले. पण शब्द दिला. तो सबंध हंगाम लोक चिरलेल्या टाचांनी पाने तोडायला गेले. संध्याकाळी अख्खे गाव लंगडत परत येई आणि एकमेकांच्या चालीची नक्कल करी.

४. अडचण आली ती दुसरीच. मोठ्या माणसाच्या तोंडासमोर तळवे करणे हा इकडे अपमान समजतात. म्हातारी बायनाबाई हटूनच बसली. "पाव्हन्याच्या तोंडाम्होरं पाय? मेल्यावर करन मी. तवा मले बोलनारं कोनी नाई." शेवटी जुन्या माणसांनी तोडगा काढला. पालथे निजायचे. साहेबांना तळवे दिसतील, आपल्याला साहेबांचे तोंड दिसणार नाही. नजरेला नजर नाही तर अपमानही नाही. आणि तपासणी होईपर्यंत कोणी हलायचे नाही.

५. फेरीच्या ठरल्या दिवशी सगळे पाय धुऊन आले आणि रस्त्याच्या कडेला, तळवे रस्त्याकडे करून, ओळीने पालथे निजले. एकटी मनकर्णा बसून होती. लग्नातले लुगडे नेसून, मांडीवर गाठोडे घेऊन. डॉक्टरबाईंची बदली झाली हे गावाला माहीत नव्हते. त्यांनी गावाशी काय ठरवले हे आपणांस माहीत नव्हते.

गाडीत आपण स्वतः होता. चालक ओरडला, "साहेब, लाशी पडल्या!" हे अर्जदाराने मातीत तोंड घालून ऐकले. कोणी हलले नाही, कारण हलायचे नाही असे ठरले होते. गाडी जागेवर वळली. मनकर्णा उठली आणि त्या टाचेवर गाडीमागे धावली. "थांबा नं जी! मी होय, मनकर्णा! मले नेनार होते तुमी!" चालकाने गाडी आणखी जोरात काढली.

आपल्या अहवालात लिहिले आहे : ‘एक महिला हातात वस्तू घेऊन गाडीवर चाल करून आली.’ खुलासा असा की, वस्तू म्हणजे गाठोडे होते. त्यात दुसरे लुगडे, तांब्या आणि भाकरी होती.

पोलीस आले. सगळे जिवंत पाहून परत गेले. नंतर शांततेचा दाखला मागितला, तर म्हणाले, जिथे काही घडलेच नाही तिथला दाखला कशाचा द्यायचा? अर्जदाराने मनकर्णाला एसटीने नागपूरला नेले. मुदतीत न आल्यामुळे खाट दुसऱ्याला गेली होती. नवी खाट हवी तर पथकाचे पत्र आणा म्हणाले. आपण पत्रासाठी दाखला मागितला. वाट कुठूनही धरली तरी अर्जदार फिरून आपल्याच दारात येतो.

६. विषयात बदल. पोळ्यानंतर मनकर्णाच्या जांघेत गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती हाताने चाचपली आणि सांगितले की आता टाच कापून काही होणार नाही. तेव्हा तिच्यासाठी गाडी पाठवावी, ही मागणी अर्जदार मागे घेत आहे. शेऱ्याची मागणी मात्र तशीच आहे, कारण ती तिची आहे. ती रोज म्हणते, "लिवलं का तुमी? मी त्याईच्या आंगावर नाई गेली. मी तं थांबा म्हनत होती." एवढी एक ओळ आपण खोडली, तर ती तिला वाचून दाखवता येईल. लवकर खोडावी.

७. आता गावाचे. दिलेला शब्द गावाने अजून पाळला आहे. सगळ्यांचे तळवे स्वच्छ झाले. एकट्या इसरूचा डाग गेला नाही. इसरू जवान पोरगा आहे. तो हसून म्हणतो, "माहा बिबाच पक्का होता." लोक त्याच्यासोबत हसत नाहीत. पुढच्या खेपेला उताणे निजायचे असेही ठरले आहे, म्हणजे तोंडे दिसतील आणि माणसे जिवंत आहेत याची चालकाला खात्री पटेल. अपमान झाला तर साहेबांनी माफ करावा, असे खुद्द बायनाबाईने सांगितले आहे.

पण धानकापणी जवळ आली आहे. चिखलाने टाचांच्या भेगा हाडापर्यंत गेल्या आहेत. लोक अर्जदाराला विचारतात, अजून किती दिवस? तरी एवढेच मागणे की, पथक येणार असेल तर यावे. येणार नसेल तर तसे दोन शब्दांत कळवावे, म्हणजे लोक पुन्हा बिबा लावायला मोकळे होतील. मग सगळ्यांचे तळवे पहिल्यासारखे काळे होतील आणि कोणता डाग कसला, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

आपल्या गाडीच्या वाटेवर बसलेला,
मुखरू गोमाजी रामटेके

सोबत : इसरूच्या डाव्या पायाचा कागदावर काढलेला ठसा. डाग आहे तिथे कोळशाने भरले आहे. मनकर्णाच्या पायाचाही जोडायचा होता, पण तिला आता उभे राहवत नाही.