व्हॅनमधली बाजूची सीट

बाबा,

मटणाचं सूप शेगडीवर आहे, गरम करून घ्या. मी बांगोरला कामावर चाललेय.

आणि हो, माझ्या व्हॅनबद्दल. तळाच्या गंजक्या भोकात मी रग्बीच्या बातम्यांची पानं कोंबून वर पुट्टी फासली होती. पत्र्याला पैसे कुठे होते? आज बघते तर तिथे नवा पत्रा, आणि वेल्डिंग इतकं नेटकं की ते तुमचंच! "हे भंगार घेऊन स्कॉटलंडला गेलीस तर परत येऊ नकोस," असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

आणि बिछान्यासाठी मी काढून ठेवलेली ड्रायव्हरच्या बाजूची सीट परत बसवलीत, वर तुमची पाठीची उशीही ठेवलीत. मग आता बिछाना घालू कुठे?

की दोन घालू?

नेरिस