माझ्या नावाचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून ऑफिसात मस्टर बंद. अमरसिंहच्या मुलीने, अनुजाने, सगळ्यांच्या फोनवर एक चॅट ॲप घालून दिलं. आलं की त्यात ‘इन’ लिहायचं, निघताना ‘आउट’. आतला बॉट तास मोजतो. महिनाअखेरीस ज्याचे शंभर तास भरणार नाहीत त्याने मार्चपासून रोज यायचं नाही. काम असेल तेव्हा फोन येईल.
अमरसिंह माझा विद्यार्थी. वारणानगर, आठवी ब. आता शाळांसाठी सरावपुस्तिका छापतो आणि मी त्या तपासतो. पाच वर्षं झाली. खिडकीजवळची खुर्ची माझी.
मला कसली काळजी! छत्तीस वर्षांत घंटेनंतर वर्गात पाऊल टाकलं नाही. काळजी वाटते ती शिवानीची. संगणकावर पुस्तिकेची पानं लावते, पण मुलाला आणायला चारलाच पळते. तिच्यासाठी अनुजाकडे शब्द टाकीन.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.२८
ॲप उघडलं. यादीत सगळ्यात वर माझंच नाव, माझाच फोटो. म्हणजे हजेरीपटातला माझा रकाना. ज्येष्ठतेप्रमाणे वर घेतलेला दिसतो. मुलीला वळण चांगलं आहे.
‘इन’ लिहिणं जिवावर आलं. ‘आलो’ लिहिलं. बोट उचलायच्या आत दोन निळ्या खुणा. वाचलंसुद्धा!
संकल्प: रोज हजेरीबरोबर दोन ओळी स्वरचित.

५ फेब्रुवारी
साडेनऊचा पडला ठोका,
खुर्चीत बसला जुना बोका.
लगेच निळ्या खुणा. अमरसिंह एवढ्या कामातून वाचतो.

६ फेब्रुवारी
‘आउट’ लिहायला हात धजत नाही. ‘येतो’ लिहितो. मी चुकून ‘जातो’ म्हटलं की बायको, सुमन, उंबऱ्यातून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची, मगच सोडायची. आता उंबऱ्यात कुणी नसतं. सवय आहे, एवढंच.

१० फेब्रुवारी
शिवानीने ‘इन’ लिहिलं की तिचा फोन टुंग वाजतो. ‘नोंद झाली’ असं बॉटचं उत्तर फक्त तिलाच येतं. बाइंडिंगच्या गणपतरावचाही वाजतो. माझा वाजत नाही. वडीलधाऱ्या माणसाला पावती कोण देणार?
गणपतराव म्हणाला, सर, एकदा पोरीला दाखवा की फोन. मी म्हटलं, तिला कामं असतात. व्हय, तिला असत्यात, म्हणाला. बोलणं तिरकस, मन चांगलं.

१३ फेब्रुवारी
पानं चौदा. तपासली तीन. पाचवीच्या पुस्तिकेत नदीवरची कविता निघाली आणि आठवी ब समोर आली. तिसऱ्या बाकावर अमरसिंह. पहिली दोन कडवी खणखणीत म्हणायचा. तिसऱ्याला अडला की खिडकीबाहेर बघायचा, जसं काही ते कडवं तिकडून चालत येणार आहे. मी थांबायचो. अख्खा वर्ग थांबायचा.
रकान्यात लिहिलं: अमरसिंह, तिसरं कडवं आठवतं का?
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. तेव्हाही नसायचं.

१७ फेब्रुवारी
दुपारी जरा डोळा लागला. सव्वादोन ते चार. शिवानीने निघताना उठवलं. सर, चहा गार झाला बघा, म्हणाली. माझी उरलेली पानं तिने पिशवीत घातली, रात्री घरी बघते म्हणाली. मुलीला शिकायची हौस आहे.
उद्यापासून दुपारी भात बंद.

१८ फेब्रुवारी
भात थोडा खाल्ला. अडीच ते चार.

२० फेब्रुवारी
अनुजा टेबलापाशी आली. सर, ॲप जमतंय ना? म्हटलं, रोज. मला काही दिसत नाही पण तुमचं, म्हणाली. म्हटलं, ज्याला वाचायचंय तो वाचतोय. तिचा फोन वाजला, ती गेली. वडिलांनी मुलीला सांगितलेलं नाही. बरोबर आहे, गुरू-शिष्यातली गोष्ट आहे.

२७ फेब्रुवारी
मराठी भाषा दिन. सकाळी रकान्यात चाळीस ओळींची कविता. चष्मा दोनदा पुसावा लागला. निळ्या खुणा लगेच. दिवसभर कुणी काही बोललं नाही. भारावलेला माणूस बोलत नाही. जिन्यात अमरसिंह भेटला. सर, जेवलात का, म्हणाला. आवाज भरून आल्यासारखा वाटला. गणपतराव म्हणतो, सायबास्नी सर्दी झालीया.
पानं तपासली: दोन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
पाच वाजता ‘हजेरी’ नावाच्या गटात यादी आली. असा गट आहे हे आज कळलं.
गणपतराव १७८ तास. शिवानी १३१. शेवटी मी. ० तास ० मिनिटं.
बॉट बिघडलाय म्हणून फोन अनुजाकडे नेला. तिने बघितला. म्हणाली, सर, सगळ्यात वर आपलं नाव असतं ती स्वतःशी बोलायची जागा. आठवणीसाठी काही टिपून ठेवायला. तिथलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही.
मी विचारलं, मग खुणा निळ्या कशा होतात? तुम्हीच वाचता म्हणून, म्हणाली.
ती बोटाने वर सरकवत गेली. एका ठिकाणी थांबली. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, सर, तुमचे तास तुम्हीच सांगा, मी हाताने भरते. सोमवारपर्यंत सांगितलं तरी चालेल.
गणपतराव जिन्यापर्यंत आला. दोनशे सांगा सर, म्हणाला, कोण मोजायला बसलंय?

१ मार्च, शनिवार
पोट बरं नाही असं कळवून घरीच राहिलो. काम सोपं आहे. ही वही आहेच. महिन्याभराचं सगळं काही लिहिलेलं नाही, पण आठवतंय.
खुर्चीतले तास धरले तर दीडशेच्या वर जातात. पण वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा हजर असतो असं नाही, हे मीच सांगायचो. म्हणून झोप वजा केली. चहा वजा. कविता वजा. खिडकी वजा. शिवानीने घरी नेलेली पानं वजा.
एकवीस तास, चाळीस मिनिटं.
पुन्हा मोजलं. एकोणीस.

२ मार्च, रविवार
तिसऱ्यांदा मोजलं नाही. भात खाल्ला.

३ मार्च, सोमवार, सकाळी ९.३०, घरी
अनुजाचा फोन. किती भरू, सर? म्हटलं, शून्यच राहू दे. मग म्हणाली, काम आलं की फोन करते. म्हटलं, माझी खुर्ची शिवानीला दे. तिच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो.
फोन ठेवण्याआधी म्हणाली, सर, ते तिसऱ्या कडव्याचं मी बाबांना विचारलं. काय म्हणाला, मी विचारलं. म्हणाली, खिडकीबाहेर बघत बसले.

९.५०
‘हजेरी’ गट उघडला. जागा दोनदा पाहून घेतली. ‘आउट’ लिहिलं. काही वाटलं नाही.
फोन टुंग वाजला. माझा पहिला.
‘आधी इन केल्याशिवाय आउट करता येत नाही.’