पदराच्या गाठीतली सुकेळी

प्रिय आये,

आज सकाळी पाळी आली. न्हाणीतून बाहेर आले आणि सवयीने तुलाच हाक मारली. मग आठवलं, तू नाहीस. म्हणून लिहायला बसले. ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगू? दादाला सांगितली तर तो उठून अंगणात जाईल.

किती चिडवलं गं मी तुला खादाड म्हणून! डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तू अर्नाळ्याहून दारोदार विकत बोळिंजपर्यंत चालायचीस. पदराच्या गाठीत आगाशीची सुकेळी, उन्हात सुकवलेली ती चिकट केळी. एक आगाशीच्या तळ्यापाशी, दुसरं बोळिंजच्या नाक्यावर, भूक असो नसो. आत्ताच तर जेवलीस, असं म्हटलं की हसायचीस. "भूक लागल्यावर खाल्लं त उशीर झाला, बाय."

मला कुठलं पटायला! मी पडले मॅरेथॉनवाली. सर सांगायचे, वजन उतरव, वेळ आपोआप उतरेल. मग मी पहाटे कोऱ्या चहावर राजोडीपर्यंत पळायचे, लांबच्या दिवशी त्याच्याही पुढे, आणि संध्याकाळी भाताला हात लावायचे नाही. माझं ताट तू झाकून ठेवायचीस आणि सकाळी तसंच उचलायचीस.

शर्यतीच्या दिवशी तू रुमालात चार सुकेळी बांधून दिलीस. मला लाज वाटली. बाकीच्या पोरींकडे धावताना चोखायच्या जेलच्या चकचकीत पुड्या, आणि मी केळी चघळत धावू? रुमाल बॅगेतच राहिला. बत्तिसाव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्यातच बसले. दादाने रिक्षात घालून घरी आणलं.

संध्याकाळी तू पेज भरवलीस आणि हळूच विचारलंस, "बाय, किती म्हयने झाले?"

माझं टाळकंच सटकलं. बिनलग्नाच्या पोरीला आई महिने विचारते, म्हणजे काय समजायचं? भरवसा नाही ना माझ्यावर, म्हणून ओरडले आणि आठ दिवस अबोला धरला. तू पुन्हा विचारलं नाहीस. एकदा तरी विचारायचं होतंस गं! आणखी चिडले असते, पण कधीतरी बोलले असते. मग गणपती गेले, आणि तीन दिवसांच्या तापात तूही गेलीस.

दिवाळीत माझ्या नडगीच्या हाडाला चीर गेली. डॉक्टरबाईंनी पाय तपासला आणि विचारलं, पाळी येऊन किती महिने झाले? तुझाच प्रश्न. मी तिथेच रडायला लागले. त्या म्हणाल्या, एवढं धावायचं आणि चिमणीएवढं खायचं, मग शरीर आधी पाळी बंद करतं आणि पुढे हाडंही कच्ची होतात. लांब धावताना मध्येमध्ये खायचं, भुकेची वाट बघायची नाही. घ्या! हे तर तू रोज बोळिंजच्या नाक्यावर करत होतीस.

जनामावशीला, तुझ्या बाजारातल्या जोडीदारणीला, हे सांगितलं. ती म्हणाली, नवी नवरी होतीस तेव्हा तूही उपाशीपोटीच पाटी उचलायचीस. सगळ्यांना वाढून उरेल ते तुझं. तुझी पाळी थांबली. आजीला वाटलं दिवस राहिले, तिने घरोघर साखर वाटली. पण पोटात काहीच नव्हतं, ना पोर ना भात. टोमणे मात्र वर्षभर तूच खाल्लेस. पदराला सुकेळी तेव्हापासून आली.

म्हणजे तुला माझा संशय आलाच नव्हता. तू माझी भूक ओळखली होतीस, आणि मी काय ऐकलं! आये, मला माफ कर.

आता मी भात खाते. पाय बरा झाल्यावर हळूहळू पुन्हा पळायला लागलेय. कमरेच्या पट्ट्यात सुकेळी असतात, लहान तुकडे करून. सुरुवातीला मळमळायचं, मग सवय झाली. सर कुरकुरले. म्हटलं, सर, वजन राहू द्या, आधी हाडं सांभाळू.

आमच्यात एक नवी मुलगी आलीये, कोऱ्या चहावर पळणारी. तिला मी सुकेळं देणार आहे, आणि तुझा प्रश्नही विचारणार आहे. ती माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. मी पुन्हा विचारेन, तुला शब्द देते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. तेव्हा सात महिने झाले होते, आये.

पोटभर जेवून बसलेली,
तुझी बाय