दोन टाक्यांचं इंजिन

सर, काल माझ्या गॅरेजमध्ये एका नव्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. टेबलावर उलटं ठेवून फडक्याने काजळी पुसली, तर प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक स्पार्क प्लग आणि त्याला खेटून एक इंजेक्टर. गाडीचा मालक शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "पेट्रोलच्या इंजिनात इंजेक्टर थेट आत फवारतो, हे आताच निघालंय ना?" मी म्हटलं, "आताच कसलं? एकोणीस वर्षांची होते तेव्हा मी असलं इंजिन सर्वण गावच्या एका कुळागरात चालवलंय." त्याला वाटलं मी थट्टा करते. दिवसभर मात्र तुम्ही डोक्यातून गेला नाहीत. आज गॅरेज बंद आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेल, डिचोलीच्या त्या वर्कशॉपमध्ये चोवीस मुलगे आणि मी एकटी. पेडण्याहून रोज येणं जमत नव्हतं म्हणून मावशीकडे राहायचे. मोटर मेकॅनिक व्हायला मुलगी कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही सावंतवाडीकडचे, आधीची दहा-बारा वर्षं शिरगावच्या खाणीवर ट्रकांची इंजिनं खोलण्यात गेलेली, आणि तुमच्या नखांतली लाल माती शिकवायला लागल्यावरही पुरती गेली नव्हती. फळ्यावर लिहायचात शुद्ध मराठीत, रागावलात की मालवणीत. त्या वर्षी भाषेच्या वादावरून वर्गात मराठीवाले खिडकीकडे आणि कोकणीवाले दाराकडे बसायचे, आणि तुमची मालवणी ऐकून दोन्हीकडचे आपापसांत म्हणायचे, सर आमचेच.

एके दिवशी तुम्ही फळ्याच्या मधोमध रेघ मारलीत. डावीकडे पेट्रोलचं इंजिन, उजवीकडे डिझेलचं. पेट्रोल हवेत आधीच मिसळून येतं, आत दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा येते, ती इतकी जोरात दाबली जाते की तापते, मग पंप नोझलमधून तेल फवारतो आणि ते आपोआप पेटतं. म्हणून ठिणगी तिथे फवारा नाही, फवारा तिथे ठिणगी नाही. तुम्ही हे इतकं सोपं करून सांगितलंत की माझ्या डोक्यात लगेच पुढचं आलं. मी उठून विचारलं, "सर, पंपाने फवारलेलं तेल ठिणगीने पेटवलं तर? मग एवढं दाबायचीही गरज नाही."

तुम्ही खडू खाली ठेवलात. "असला इंजिन नसता गो. हंय कथा नको. परीक्षेत लिवलंस तर शून्य दितलंय."

दोन्हीकडचे बाक एकत्र हसले. त्या वर्षी एवढी एकी मी दुसऱ्या कशावरही बघितली नाही.

मी हट्टी होते. पुढच्या आठवड्याच्या चाचणीत दोन इंजिनांतले फरक विचारले होते, ते सगळे लिहिले आणि शेवटी एक ओळ घातली: दोन्हींतलं अर्धं अर्धं घेतलेलं इंजिनही बनवता यावं. तुम्ही त्या ओळीवर लाल रेघ ओढलीत आणि बरोबर उत्तराचाही एक गुण कापलात. पेपर हातात देताना माझ्याकडे बघितलंही नाहीत. मावशीकडे जाऊन मी जेवले नाही. एका गुणासाठी कोण उपाशी राहतं, असं मावशी म्हणाली. गुणासाठी नव्हतंच ते. इतक्या लोकांत तुम्ही एकटेच माझं ऐकून घ्याल असं मला वाटायचं.

मग शिरगावची जत्रा आली. अख्खा वर्ग तिकडे गेलेला. मी मावशीच्या ओसरीवर फणसाचे गरे सोडवत बसलेय, हाताला तेल लावलेलं, आणि तुमची स्कूटर अंगणात येऊन थांबते. तुम्ही वर येत नाही. पायरीपाशी उभे राहून स्कूटरच्या किल्लीकडे बघत म्हणता, "तुजा इंजिन काल बघलंय."

"कुठलं, सर?"

"मी नसता म्हटलंय ना, ता."

त्यानंतर तुम्ही मराठीत आलात. सर्वणला एका काकीचं कुळागर आहे. पोफळी, केळी, थोडी मिरी. नवरा दोन वर्षांमागे गेला. पाण्याचं इंजिन पोर्तुगीज काळात बाहेरून आणलेलं, ते नवऱ्यालाच चालवता यायचं. तो गेल्यावर शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी मिळायचं, यंदा त्याचीच विहीर आटली. विजेची लाइन अजून आलेली नाही. पोफळी पिवळ्या पडायला लागल्यात, आणखी पंधरा दिवस असेच गेले तर बाग गेली. आधी एक मेकॅनिक आला, तो म्हणाला हे डिझेल, आणि प्लग काढून भोकं बोल्टांनी बुजवून गेला. दुसरा आला, तो म्हणाला हे पेट्रोल, कुणा गाढवाने वर पंप बसवलाय, पंप काढून फेकूया. काकीने त्याला हाकलला. "काल मी गेलो," तुम्ही म्हणालात, "आणि मलाही पहिल्या मेकॅनिकसारखं ते डिझेलच वाटलं. पण हँडल फिरवून बघितलं तर ते फारच हलकं फिरतं. एवढ्या दाबावर डिझेल पेटायचं नाही. रात्री झोप आली नाही. चल, हत्यारं धरायला कुणीतरी हवं."

हत्यारं धरायला नाही, हे मला कळलं होतं. मावशीने बराच विचार करून मला सोडलं, पण हत्यारांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवायला लावली, त्यामुळे सर्वणपर्यंत स्पॅनर माझ्या गुडघ्यांवर आपटत होते.

काकी सत्तरीची, बुटकी, कासोटा घातलेली. तिने आम्हाला इंजिनाच्या खोपीत नेलं. ते काळं धूड, बाजूला मोठं चाक, वर पितळी पाटी. पाटीवरच्या अक्षरांवर कुठे दोन टिंबं, कुठे बारीकसं वर्तुळ, कुठल्या देशाचं ते तुम्हालाही कळेना. वर दोन टाक्या, एक बालदीएवढी, एक तांब्याएवढी. तुम्ही विचारलंत, या दोन कशाला? काकी म्हणाली, "आमचे हे पयलीं ल्हान टांकयेंत पेट्रोल घालताले. मशीन तापलें म्हणटकच व्हडल्या टांकयेंतलें डिझेल सोडटाले." म्हणजे सुरू करायला लहानीतलं पेट्रोल, तापल्यावर मोठीतलं डिझेल. आधीच्या दोघांना का नाही सांगितलं, असं तुम्ही विचारल्यावर ती म्हणाली, त्यांनी विचारलं नाही. मग जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कोनाड्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिने तुमच्या हातात दिला. आत कापडात गुंडाळलेले चार प्लग होते.

तुम्ही त्यातला एक बोल्टाने बुजवलेल्या भोकाशी धरून बघितलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "फवारा आणि ठिणगी. दोनय."

प्लग घासले, बोल्ट काढून जागेवर बसवले. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा तो डबा, पहिल्या मेकॅनिकने काढून कसाही परत लावला होता. ठिणगी कधी पडायला हवी, तेच आता ठाऊक नव्हतं. तुम्ही सवयीने पेट्रोलसारखी लावलीत, पिस्टन वर पोचायच्या बरीच आधी. टाकीत पेट्रोल ओतलं, हँडल धरलंत, एक फेरा मारलात आणि इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल तुमच्या मनगटावर बसलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो. तुम्ही ओरडला नाहीत, खाली बसलात आणि डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवलात. काकीने ओलं फडकं आणलं, आंबेहळद उगाळून लावली. मनगट भट्टीत फुगणाऱ्या पावासारखं फुगत गेलं.

मी म्हटलं, आता राहू द्या सर, दवाखान्यात जाऊ. तुम्ही म्हणालात, "तू सांग. का मारलान त्याने?"

सर, मला त्या प्रश्नाने जेवढं दिलं तेवढं पुढे कुठल्या सर्टिफिकेटने दिलं नाही. मी घाबरत घाबरत बोलायला लागले. यात पेट्रोलही कार्बोरेटरमधून येत नाही, पंपच फवारतो. फवारा येतो उशिरा, पिस्टन जवळजवळ वर पोचल्यावर. ठिणगी त्याच्या आधी पडली तर पुरतं काही जळायचं नाही, आणि नळीतून गळून आत साचलेलं थोडं असेल तेच अवेळी पेटून पिस्टनला मागे ढकलेल. म्हणून आधी फवारा कधी येतो ते बघायचं आणि ठिणगी त्याच्या किंचित मागाहून ठेवायची. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. "मग बघ," म्हणालात.

मी पंपाची नळी सैल केली, चाक हाताने हळूहळू फिरवलं, आणि ज्या क्षणी नळीच्या तोंडाशी तेल हललं तिथे चाकावर खडूने रेघ मारली. दोनदा, तीनदा, तुम्ही बसल्या जागेवरून दरवेळी "परत" म्हणत होता. मग मॅग्नेटो सोडवून एक-एक दाता सरकवत, त्याचे पॉइंट ती रेघ येऊन गेल्यावर जराशाने उघडून ठिणगी पाडतील असा बसवला. हे होईपर्यंत दोन वाजले. काकीने केळीच्या पानावर पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर वाढली. तुम्ही डाव्या हाताने जेवलात, निम्मी पेज शर्टावर.

हँडल फिरवायचं कोणी, हा प्रश्न होता. वर्कशॉपमध्ये तुम्ही मला हँडलला हात लावू दिला नव्हता. आता तुम्ही उठून माझ्यामागे आलात आणि अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलंत: बोटांच्याच बाजूला, हँडलला विळखा घालायचा नाही, म्हणजे झटका आला तर हात सुटतो. "भिया नको," म्हणालात.

पहिल्या दोन फेऱ्यांना काही नाही. तिसऱ्याला ते खोकलं. चौथ्याला पकडलं, आणि खोपीतल्या कोंबड्या तीन दिशांना पळाल्या. एका सिलिंडरवर लंगडत, मग दोन, मग चारही. तापेपर्यंत तुम्ही घड्याळाकडे बघत थांबलात आणि काकीला म्हणालात, कॉक तुम्ही फिरवा. तिने डिझेलचा कॉक फिरवला. आवाज जड झाला, काळा धूर आला, थोडा निवळला, आणि पाइपाच्या तोंडातून आधी चिखल, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी पाटात पडायला लागलं. काकी चपला काढून पाटात उतरली आणि पाण्याच्या पुढे पुढे चालत शेवटच्या पोफळीपर्यंत गेली. तुम्ही हसत होता. मी तुम्हाला एवढं हसताना आधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हात गळ्यात बांधून वर्गात आलात आणि डाव्या हाताने फळ्यावर दोन इंजिनांच्या मधोमध तिसरं काढलंत, वेडंवाकडं. मुलांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात आहे का? "अभ्यासक्रमात नाही," तुम्ही म्हणालात, "सर्वणला आहे. ही सांगेल." मग माझा पेपर मागून घेतलात, लाल रेघेखाली डाव्या हाताने कसंबसं 'बरोबर' लिहिलंत आणि कापलेला गुण परत दिलात. पुरी पंचवीस माणसं बघत असताना. महिनाअखेर गोव्याचं राज्य झालं, डिचोलीच्या बाजारात पताका लागल्या, आणि मला बराच काळ वाटत राहिलं की त्या माझ्यासाठीसुद्धा आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा मी वास्कोला बसच्या डेपोत कामाला होते. कळलं दोन महिन्यांनी. सावंतवाडीला जाऊन तुमच्या घरच्यांना भेटले. हे पत्र त्यांच्याकडे पाठवता आलं असतं, पण पाठवणार नाही, कारण एक गोष्ट त्यांना कळू नये असं वाटतं.

त्या दिवशी निघताना काकी तुम्हाला म्हणाली होती, "तुमचें चेडूं बरें हुशार." मी तुमची मुलगी नाही हे तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले. तुम्ही दुखरा हात कसाबसा मुठीवर ठेवून स्कूटरला किक मारत नुसतं "होय" म्हणालात. पुढे दर वर्षी पाणी सुरू करायच्या आधी मी इंजिन बघायला जायचे आणि काकी विचारायची, "बापूय कसो आसा?" एकदा माझे खरे बाबा पेडण्याहून आले होते, तेच सोबत होते. हे कोण, असं काकीने विचारलं, तर मी म्हटलं, काका. बाबांनी ते अजून मला माफ केलेलं नाही. आणि तुम्ही गेल्यानंतरही ती सहा वर्षं जगली, सहाही वर्षं तिने विचारलं, आणि सहाही वेळा मी तिला सांगितलं की बरे आहेत, अजून शिकवतात.