थंडीने थंडी

१२ जानेवारी
काय हात झालाय पोरीचा! सूनबाईची गाडी बर्फात रुतली, उजव्या हाताचा मोजा कुठेतरी पडला, तशीच चालत घरी आली. बोटं मेणबत्तीसारखी — पांढरी, टणक. मुलगा कामासाठी परगावी, घरात मी एकटा. म्हटलं, काट्यानेच काटा निघतो! अंगणातला बर्फ पातेल्यात आणला आणि खसाखसा चोळला. लहानपणी म्हातारी माणसं असंच करायची.
'दुखतंय का गं?' — 'नाही बाबा, काहीच लागत नाहीये.'
केवढा खूष झालो मी! चोळता चोळता शाळेतली एक बर्फाची कविताही म्हणून दाखवली. चालीत.

१३ जानेवारी
बोटांवर काळ्या रक्ताचे फोड. दवाखाना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिमदंश. किती देखणा शब्द, असं मनात आलं — आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली.
'कोमट पाण्यात बुडवायची सोडून बर्फ कुणी चोळला? कातडी आतून फाटते!'
मी मिठाची गुळणी धरून बसलो. सूनबाई म्हणाली, 'मीच.'

१४ जानेवारी
आजही बोललो नाही.

१९ जानेवारी
ती लोकांचे केस कापते. अनामिका काळी पडत चाललीय — नेमकं कात्रीच्या कडीत अडकवायचं बोट! डॉक्टरीणबाईंनी कोरफडीचा मलम दिलाय. 'औषधाला जोड म्हणून हं आजोबा, औषधाऐवजी नाही!' तो मी लावतो. फुंकर घातल्यासारखा.
मुलगा आल्यापासून तिच्यावर तोंड टाकतोय. 'बर्फ चोळलास? अक्कल गहाण टाकली होतीस?' ती हसत म्हणते, 'हो ना, आता व्याज भरतेय.'
मी न्हाणीघरात गेलो. नळ सोडून नुसता उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी
अनामिकेचं वरचं पेर काढावं लागणार. 'डाव्या हाताने शिकेन की, बाबा. गिऱ्हाइकांनी कान तेवढे सांभाळावेत!' माझीच समजूत काढते ही. आणि मी हसलोही. धरणी दुभंगून पोटात घेत का नाही?

२० फेब्रुवारी
सकाळी पेर काढलं. बाहेरच्या बाकावर मुलाला सांगून टाकलं — बर्फ मी चोळला.
तो खालीच बघत म्हणाला, 'ठाऊक आहे, बाबा. तिने पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं. वर बजावलं, बाबांना अवाक्षर बोलायचं नाही. म्हणून मग तिलाच बोलत राहिलो — तुम्हाला ऐकू जाईल असं.'