लग्न आधी, शेक मागून

वेवजी, ५ मार्च

ति. प्रविणदादास संगिताचा सा. न.,

लिहिण्यात चुका होतील, हसू नको. आठवीत शाळा सुटली, नि मोबाइलवर अक्षर शोधायला मला लय वेळ लागतो. फोनवर माझ्याच्याने बोलवत नाय, म्हणून लिहिते.

लाडकीआत्याच्या जिभेची कॅन्सरची गाठ काढली, ती लहानच होती. पण कडेला काय राहिलं असेल तर जळून जावं म्हणून डॉक्टर बोलले, लगेच मशीनचा शेक घ्या. शेकाने तोंड सोलतं, थुंकी सुकते. आत्या बोलते, मग धवले गाऊन प्रविणचं लग्न कोण लावणार? घरात धवलेरी असून लग्न लावायला बाहेरची बाई आणायची काय? आधी लग्न, मग शेक.

दादा, तू नि वर्षावहिनी एकत्र राहताच, पोरगी पण चालायला लागली. आपल्यात लग्न मागून करतातच. पुढच्या वर्षी ठेव ना. तुझं ती ऐकेल.

लोभ आहेच, तो असू दे.
संगिता

वेरावळ बंदर, २४ मार्च

चि. संगितास अ. आ.,

बोट समुद्रात होती, रेंज नव्हती. आज मासळी उतरवताना तुझं लिहिलेलं दिसलं. आत्याला लगेच फोन केला. पुढच्या वर्षी ठेवू, असंच बोलणार होतो. पण तीच आधी बोलली, तुझ्या बापाचं लग्न मी लावलं, तुझं पण मीच लावणार, मागून आवाज राहिला नाय तर? मला पण तिचाच आवाज पाहिजे होता गं. महिन्याभराने काय होतंय?

तू लग्नात नाच जरा. नायतर लोक विचारतील, ही नवऱ्याची बहीण की भाड्याने आणलेली!

तुझाच,
प्रविणदादा

मुंबई, ११ मे

ति. दादास सा. न.,

रागाने लिहीत नाय. शेक चालू होऊन दोन आठवडे झाले. एवढा उशीर का केला म्हणून डॉक्टर ओरडले. आता किती फायदा होईल ते सांगता येत नाय, बोलले.

आत्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला अडकवतात. हलायचं नाय. ती मनात तुझ्या लग्नाचे धवले म्हणते. हळदीपर्यंत पोचते नि मशीन थांबते. रोज लग्न अर्धंच राहतं, बोलली होती हसत. आता बोलत नाय. पेज पण गिळवत नाय.

काल मोबाइलवर तुझ्या लग्नाचा व्हिडिओ लावला. स्वतःचा आवाज ऐकला नि तिने मोबाइल उलटा ठेवला. मग हाताने तुझ्या पोरीची उंची दाखवली, नि हात थोडा वर नेला. मला कळलं. पोरगी तेवढी झाल्यावर लग्न केलं असतं, तरी चाललं असतं.

तू रडू नको. आमच्यावर माया ठेव.
संगिता

ता. क. गावाकडून कळलं, शेजारच्या देवजीकाकाच्या बोअरला पाणी लागलं.