फॉर्म नंबर सतरा

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून पीएच.डी. विषय: कार्यस्थळावरील भावना, ताणतणाव आणि वर्तन. रजिस्ट्रेशन नऊ वर्षांपूर्वीचं आहे, पण मनाने आजपासून. विद्यापीठाचं पत्र आलंय. ३१ मार्च, शेवटची मुदत. आधीच्या तीन पत्रांतही ‘शेवटची’ होतं, या वेळी खाली रेघ ओढलीय.
गाइड निरंजन सर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्यांना सर म्हणताना मला काहीही वाटत नाही. लिहून ठेवलेलं बरं.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. आज अलार्म ऐकला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
केळीच्या व्यापाऱ्याकडे प्रशासन अधिकारी म्हणून सव्वीस वर्षं झाली. ट्रक अडकला की माल पिकतो, माल पिकला की मालक ओरडतात, मालक ओरडले की सगळे माझ्याकडे बघतात. मी शांत असतो. ताणाच्या अभ्यासाला असाच माणूस हवा.
तेवीस माणसं, चाळीस प्रश्न. नाव लिहायचं नाही, गोपनीयता शंभर टक्के.
सगळे गेल्यावर एक फॉर्म स्वतः भरून पाहिला, वेळ किती लागतो म्हणून. नऊ मिनिटं. विचार वगैरे केला नाही, हात जाईल तिथे टिक. ड्रॉवरमध्ये टाकला.
घरी बायकोने, रंजिताने विचारलं, इतका उशीर कशाचा. म्हटलं, रिसर्च. म्हणाली, रिसर्च नव्हता तेव्हाही नऊच वाजायचे.
विज्ञानाला घरातून पाठिंबा नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
फॉर्म वाटून दोन दिवस झाले, परत आले शून्य. डिस्पॅचच्या चेतनने विचारलं, साहेब, इसमें पगार तो नहीं कटेगा? कॉम्प्युटरवरच्या पल्लवीने फॉर्म वडिलांना दाखवायला घरी नेला. वडील म्हणे, सही करू नको. सहीची जागाच नाही त्यात!
पहाटे पाचचा संकल्प सहावर आणला. लवचिकता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
तोडगा सापडला. मावा जिलेबी! तीन किलो गरमागरम मागवली. नवे फॉर्म आणि जिलेबी एकदमच वाटली. वीस मिनिटांत सगळे फॉर्म परत. मला शुगर, त्यामुळे मी फक्त निरीक्षण केलं. चहा-साफसफाई बघणाऱ्या सुनंदाबाईंनी एका हाताने जिलेबी, दुसऱ्या हाताने टिक असं काम केलं. चाळीस प्रश्न, तीन मिनिटं. वर मलाच म्हणाल्या, असा अभ्यास रोज राहू द्या साहेब.
फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवले. कागदाला कागद चिकटतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार
ड्रॉवर उघडून सगळे फॉर्म पत्त्यांसारखे पिसले, मग नंबर टाकले. निष्पक्षपाती पद्धत. चोवीस निघाले. माणसं तेवीस. कुणीतरी उत्साहात दोनदा भरला. यालाच सहभाग म्हणतात.
तेवीस फॉर्म म्हणतात, आम्ही अत्यंत आनंदी आहोत. चेतनसुद्धा त्यातच असणार, आज सकाळी ड्रायव्हरवर ओरडून ज्याचा आवाज बसला.
आणि एक, नंबर सतरा.
‘काम संपल्यावर घरी जावंसं वाटतं’: पूर्णपणे असहमत. ‘इथे माझं ऐकून घेणारं कुणी आहे’: पूर्णपणे असहमत. ‘मी आठवडाभर आलो नाही तर कुणाला जाणवेल’: असहमत. त्यावर आधी ‘सहमत’ला टिक होती, ती खोडली आहे.
वाईट वाटलं. आपल्या ऑफिसात असं कोण? लगेच बरंही वाटलं. अखेर डेटा आला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
निरंजन सरांचा फोन. त्यांना जिलेबीचं आणि नंबर सतराचं सांगितलं. मग म्हणाले, तेवीस फॉर्म फेकून द्या, हा एकच खरा आहे. त्या माणसाला शोधा, समोर बसवा, नीट ऐकून घ्या. त्याच्यावर लिहायला तो हो म्हणाला तर एका माणसाच्या अभ्यासावर प्रबंध तरेल, नाहीतर ३१ मार्चला सगळं संपलं. आणि प्रबंध गेला खड्ड्यात, आधी त्याच्याजवळ बसा, असंही म्हणाले. वय लहान असलं की माणूस भावुक होतो.
गोपनीयता तात्पुरती स्थगित.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
चेतनला केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी जावंसं वाटतं ना? म्हणाला, अभी जाऊ का साहेब? आणि गेला. दुपारी तीन वाजता.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पल्लवीला विचारलं, कुणी ऐकून घेतं का तुझं? ती रडवेली झाली. वाटलं, सापडली. तर तिला वाटलं होतं मी तिला काढतोय. तिच्या वडिलांना समजवण्यात संध्याकाळ गेली.
पहाटे उठण्याचा संकल्प बंद. झोप हीसुद्धा आरोग्याची गरज आहे.

३ मार्च, मंगळवार
शोध लागला! तेवीस फॉर्मवर पाकाचे डाग, बोटांचे ठसे. सतरा नंबर मागे-पुढे कोराकरकरीत, बाजूच्या फॉर्मचं ओशट तेवढं लागलंय. म्हणजे त्या माणसाने जिलेबीला हातच लावला नाही. इतकं दुःख! जिलेबी सुनंदाबाईंनी वाटलेली, त्यांना उद्या विचारतो. सतरा नंबरला शुक्रवारी चार ते पाच वेळ देणार. दार बंद, दोन चहा, मी एक शब्द बोलणार नाही, फक्त ऐकणार. पहिलं वाक्य पाठ केलंय: ‘मला सगळं कळतं, तुम्ही बोला.’

४ मार्च, बुधवार
सुनंदाबाईंना विचारलं, त्या दिवशी जिलेबी कोणी नाही खाल्ली?
म्हणाल्या, सगळ्यांनी खाल्ली, चेतनने तर पाच. फक्त तुम्हीच ऱ्हायले साहेब, तुम्हाले शुगर आहे ना.
मी म्हटलं, नीट आठवा.
म्हणाल्या, आठवायचं काय, तुम्ही एकटेच तर उभे होते खिडकीपाशी.

५ मार्च, गुरुवार
ड्रॉवर तळापर्यंत तपासला. मी भरलेला नमुन्याचा फॉर्म तिथे नाही.
हात जाईल तिथे टिक केली होती. तसं लिहूनच ठेवलंय.

६ मार्च, शुक्रवार
चार वाजता दार बंद केलं. चहा दोन सांगितले होते, सवयीने दोन्ही बिनसाखरेचे आले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पाठ केलेलं वाक्य म्हटलं.
बाहेर चेतन विचारत होता, आत कोणाची चौकशी चालू आहे. सुनंदाबाई म्हणाल्या, साहेब एकटेच आहेत. चेतन म्हणाला, फिर ठीक है.
पाच वाजले. सगळे गेले. दुसरा चहाही पिऊन टाकला.
घरी निघायला हरकत नव्हती. नऊला निघालो.